उतरलेलं वजन टिकवताना: ताट मोजावं की स्वतःला?

वजन उतरवून झालंय आणि आता ते परत चढायला नको, अशा टप्प्यावर असाल तर हे तुमच्यासाठी. साडेचार वर्षांपूर्वी मी 86 वरून 74 वर आलो, दोन वेळचं जेवण आणि रोजचं चालणं यांवर. तो भाग आता घरोघरी ठाऊक आहे. मला खरी अडचण आली ती काट्यावर 74 दिसल्यानंतर. पुढे दोन रस्ते होते. एक, फोनमधल्या अ‍ॅपमध्ये खाल्लेला घास न् घास नोंदवायचा. दुसरा, खाण्याच्या नोंदी सोडून रोज सकाळी वजन करायचं. पहिला मी सात महिने केला, दुसरा तेव्हापासून आजपर्यंत.

मोजून खाण्याचं ऋण आधी मान्य करतो. मूठभर शेंगदाणे म्हणजे साधारण 30 ग्राम आणि 170 कॅलरी, हे मला त्या नोंदींमुळेच कळलं. चमचाभर तेलात 40-45 कॅलरी असतात, हेही. आपण कुठे वाहवत जातो ते दाखवायला यासारखं साधन नाही. एकटे राहत असाल, स्वतःचं स्वतः रांधत असाल, किंवा डबा ठरलेला असेल, तर कदाचित तुम्हाला हेच सोयीचं पडेल.

माझं बिनसलं ते आमटीवरून. आमच्याकडे पाच माणसांचा स्वयंपाक एका पातेल्यात होतो आणि तो आई करते. अ‍ॅपमध्ये दाल फ्राय होती, दाल तडका होता, सांबार होतं. चिंचगुळाची आमटी नव्हती. मग मी एकेक जिन्नस भरायला लागलो. डाळ किती, गूळ किती, खोबरं किती आणि मुख्य म्हणजे तेल किती. आई पळी कलती करून तेल सोडते, चाळीस वर्षांच्या हाताने. मी शेजारी मापाचा चमचा घेऊन उभा. ‘थांब, मोजू दे,’ म्हटलं तर ती म्हणाली, ‘अरे, मोहरी जळतेय.’ एवढं करून पातेल्यातून माझ्या वाटीत किती आलं, हा प्रश्न उरायचाच. वरची पातळ आमटी की तळची डाळ?

पण जे सहन झालं नाही ते वेगळंच. दोन-तीन महिन्यांत आई प्रत्येक फोडणीआधी विचारायला लागली, ‘एवढं चालेल ना रे?’ हळूहळू तिने सगळ्यांच्याच आमटीतलं खोबरं बंद केलं. तिच्या स्वतःच्या ताटातलंसुद्धा. वजन माझं आणि धास्ती तिला, हे मला पटेना. त्याच आठवड्यात अ‍ॅप काढून टाकलं.

वजन परत का चढतं, याचा अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हिशोब इथे कामाचा आहे. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च 20 ते 30 कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र 100 कॅलरींच्या आसपास वाढते, असा त्यांचा अंदाज. म्हणजे ओढ रोजची असते, आणि ती फार हळू काम करते. दोन चमचे तेलाची चूक आमच्या घरच्या नोंदीत सहज लपत होती. काट्यावर ती उशिरा का होईना, दिसतेच.

रोज वजन करण्याची पद्धत मी 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या संशोधक रीना विंग यांच्या एका चाचणीवरून उचलली. वजन उतरवलेले 314 जण त्यात होते; त्यांतल्या शिकवणी मिळालेल्या गटांना वजनाचे हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आखून दिले होते. दीड वर्षात 2.3 किलो किंवा जास्त वजन परत चढलेले लोक नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात 72 टक्के होते; प्रत्यक्ष भेटींतून शिकलेल्या गटात 46 टक्के. मी तसेच आकडे धरले: 75.4 पर्यंत हिरवा, तिथून पिवळा, 76.3 ला लाल. सकाळचा आकडा कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहितो. पिवळा दिसला की संध्याकाळचं अधलंमधलं खाणं बंद आणि चालणं वाढवायचं. लाल दिसला की वजन उतरवतानाचे नियम जसेच्या तसे परत.

याचाही त्रास आहे. लग्नाच्या पंगतीत जेवून आलो की दुसऱ्या दिवशी काटा सव्वा किलो जास्त दाखवतो. ते बहुतेक मिठाने धरलेलं पाणी असतं, तिसऱ्या दिवशी उतरतं. म्हणून मी आठवड्याची सरासरी बघतो. बायकोचं म्हणणं, बायकांनी महिन्यामहिन्याची तुलना करावी, कारण पाळीच्या आसपास आकडा हलतोच. आणि एका आकड्याने ज्यांचा दिवस काळवंडतो, किंवा खाण्याबद्दल ज्यांच्या मनात आधीच भीती आहे, त्यांना मी हा मार्ग सुचवणार नाही.

मला मात्र हाच लागू पडला. गेल्या दिवाळीत भाऊबीजेनंतर आठवड्याची सरासरी 76.4 होती, दत्तजयंतीपर्यंत 74.8 झाली. त्या दिवसांत दहा दिवस खाणं पुन्हा लिहून काढलं, वहीत, अंदाजाने, स्वयंपाकघरात न जाता. तेवढ्यापुरती ती जुनी सवय मला आजही उपयोगी वाटते. आमटीत खोबरं केव्हाच परत आलंय.

हा रस्ता घेणार असाल तर काटा 100 ग्रामपर्यंत दाखवणारा घ्या आणि कायम एकाच जागी ठेवा. आमच्याकडे बाथरूमच्या दाराशी एक फरशी जरा खचलेली आहे, तिच्यावर तो अर्धा किलो कमी दाखवतो.