जळगावच्या रस्त्यांवर टीई37: 14 महिने, 16,000 किलोमीटर

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, हा रिमचा सेट गाडीवर चढवला. जपानच्या रेज कंपनीचा व्होल्क रेसिंग टीई37, 15 इंच, 4x100 (म्हणजे 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर चार बोल्ट), ब्राँझ रंग. गाडी माझी जुनी होंडा सिटी व्हीटेक. आता आषाढ लागलाय, म्हणजे 14 महिने झाले. रोज एमआयडीसीतल्या वर्कशॉपला जाणं-येणं, महिन्यातून दोनदा धुळं, आणि चार वेळा चाळीसगावचा कन्नड घाट. जपानी रिम जमवणारे बरेच जण सेट घरात कापडाखाली ठेवतात. माझ्या मते हा माल रस्त्यासाठी घडवलाय, आणि आपल्या खानदेशातल्या उन्हात, काळ्या मातीत तो कसा टिकतो हे चालवल्याशिवाय कळत नाही.

रेजने टीई37 बाजारात आणला 1996 मध्ये. पाच भोकांचा नाही, चार भोकांचा, तोही 15 इंची, असा सेट आपल्याकडे क्वचित हाती लागतो. मला शोधायला वर्ष गेलं. मुंबईच्या एका हौशी माणसाने गाडी विकताना रिम काढून ठेवले होते, त्याच्याकडून घेतले. जाताना सोबत वजनकाटा नेला होता. मागच्या बाजूचे जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी दर्जाचे छाप नकली मालावरही बिनदिक्कत ओतलेले असतात, त्यामुळे नुसत्या छापावर जाऊ नका. काट्यावर एक रिम साडेचार किलोच्या आत भरली. पूर्वी याच मापाची एक नकली ओतीव रिम मोजली होती, ती सातच्या पुढे गेली होती. फोर्ज्ड मालात तापवलेल्या ॲल्युमिनियमवर प्रचंड दाब देऊन आकार काढतात, आत पोकळ्या राहत नाहीत, म्हणून कमी जाडीत ताकद मिळते. ओतीव मालाला तीच ताकद द्यायची तर धातू जास्त घालावा लागतो.

बसवताना दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. होंडाचं हब, म्हणजे रिम ज्यावर बसते तो मधला गोल भाग, 56.1 मिलिमीटरचं, रिमचं मधलं भोक त्याहून मोठं. मग ॲल्युमिनियमच्या रिंगा आमच्याच लेथवर काढल्या, हाताने दाबून बसतील इतक्या घट्ट. दुसरी गोष्ट जिवाशी येणारी आहे. होंडाच्या मूळ नटाची बैठक गोलसर असते आणि या रिमला 60 अंशाचे तिरके, टेपर नट लागतात. जुने नट कसेही आवळले तरी ते कडेवरच टेकतात आणि धावताना सैल होतात. इथल्या एका टायरवाल्याने मी चहाला गेलो तेवढ्यात एअर गनने जुनेच नट मारून ठेवले होते. नशीब, निघण्याआधी मी वाकून पाहिलं. तेव्हापासून नट मी स्वतः आवळतो, टॉर्क रेंचवर 108 न्यूटन-मीटर लावून, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासतो.

चालवताना फरक पडतो का? पडतो, आणि पहिल्या दिवसापासून. स्टीअरिंग हलकं झालं, खडबडीत रस्त्यावर चाक उडून लगेच जमिनीला लागतं, घाटात वळणातून बाहेर पडताना गाडी पटकन सावरते. मायलेजमध्ये मात्र मला काही फरक दिसला नाही. 195/55 च्या बुटक्या टायरमुळे बारीक खड्डे पाठीला जाणवतात, हे घरच्यांचं म्हणणं खरं आहे.

काळ्या मातीचा अनुभव सांगतो. श्रावणात सावद्याला मेव्हण्याच्या केळीच्या बागेत गेलो होतो. परतताना सत्तरच्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, बेअरिंग गेलं बहुतेक." गाडी बाजूला घेतली. पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला मातीचा मुठीएवढा गोळा विटेसारखा वाळून बसला होता. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढला, थरथर गेली. शेतातून आलात तर घरी येईपर्यंत थांबू नका, बाटलीभर पाण्याने आतली बाजू तिथेच धुवा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी धरणगावहून येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावं पुढचं चाक आदळलं. टायर फुगला, रिमची आतली कड आत गेली. डायल गेजवर वाकडेपणा दोन मिलिमीटरला थोडा कमी भरला. रिम सरळ करणारे बहुतेक जण गॅसचा टॉर्च लावतात. तसं करू देऊ नका. हे ॲल्युमिनियम हीट ट्रीटमेंट करून कडक केलेलं असतं, टॉर्चने तिथला कडकपणा निघून जातो आणि पुढच्या दणक्याला तीच जागा दगा देते. आम्ही लाकडाचा ठोकळा घालून हायड्रॉलिक प्रेसवर थंडच, तसूतसूने दाबत आणलं. आता अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहे.

मग डाय पेनिट्रंट, म्हणजे रंग लावून चिरा शोधायची चाचणी. वेल्डिंग तपासायला एमआयडीसीत हे सर्रास वापरतात. रिम स्वच्छ करून लाल द्रव लावायचा, थांबायचं, पुसून टाकायचा, आणि वर पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर केसासारखा उमटतो. पावडर वाळेपर्यंत मी रिमसमोरच उकिडवा बसून होतो. काही उमटलं नाही. त्याच दिवशी एका मित्राने त्याच्या गाडीची नकली रिम आणून दिली, तिच्यावर स्पोकच्या (रिमच्या आरीच्या) मुळाशी बोटभर लाल रेघ आली. तीच रिम तो रोज बायको-मुलांना घेऊन भुसावळला चालवत होता. ती आम्ही तिथेच कापून टाकली.

उन्हाळ्यात पारा 44-45 वर जातो, तेव्हा टायरची हवा सकाळी गाडी थंड असतानाच मोजतो. रंगाला या दोन उन्हाळ्यांत काही झालेलं नाही. ब्रेकची काळी धूळ ब्राँझवर फारशी दिसत नाही, पण बसते. साध्या साबणाने धुवा, ॲसिडवालं क्लीनर नको.

माझ्याकडे एक जुना 3-पीस, म्हणजे तीन भाग बोल्टने जोडलेला, सेटही आहे, 4x114.3 चा, म्हणजे टोयोटाच्या एई86 ला चालणारा. माझ्या होंडाला तो बसत नाही आणि अडॅप्टर लावायची माझी तयारी नाही. त्याच्या पॉलिश केलेल्या कडेवर सकाळचं ऊन पडलं की पाहत राहावंसं वाटतं, पण बोल्ट आणि सीलंटचा तो सांधा आपल्या खड्ड्यांत मी नेणार नाही. रोजच्या गाडीला एकसंध फोर्ज्डच.

आता पाऊस सुरू झालाय. पुढच्या रविवारी चारही चाकं उतरवून पुन्हा लाल रंग लावायचा आहे, डाव्या पुढच्याला आधी.