चौथ्या सीटवर साधा किंडल, रात्री पेपरव्हाइट: आठ महिन्यांचा अनुभव

ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, म्हणजे किंडल, घेताना घोळ दोनात होता: २०२१चा किंडल पेपरव्हाइट की २०२२चा साधा किंडल. पडदा दोन्हींचा ३०० पीपीआयचा (एका इंचात ३०० ठिपके), त्यामुळे रफार, जोडाक्षरं दोन्हींवर सारखीच रेखीव. पेपरव्हाइटचा पडदा ६.८ इंच, साध्याचा ६. किमतीत तेव्हा चारेक हजारांचा फरक पडत होता. मी पेपरव्हाइट घेतला तो निव्वळ पावसाच्या धास्तीने. तो वॉटरप्रूफ आहे, साधा नाही. धाकट्या बहिणीने साधा घेतला. मध्ये तीन आठवडे आम्ही अदलाबदल केली, तेव्हा कळलं की माझं कारणच चुकलं होतं.

आठ महिन्यांत माझा एकदाच खरा भिजला. कुर्ल्याला चढलेल्या एका बाईंची छत्री थेट पडद्यावर गळली. ओढणीने पुसला, काही झालं नाही. टचस्क्रीनला थेंबही बोटासारखाच, त्यामुळे चार पानं मात्र पुढे गेली. एवढ्यासाठी झिपलॉकची पिशवी पुरली असती.

ट्रेनमध्ये बहिणीचाच बरा. साधा १५८ ग्रॅम, माझा २०५. फरक एका लिंबाएवढा. पण मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या स्लो लोकलमध्ये, लेडीज डब्यात, तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर अर्धं टेकून, एक हात पर्सवर ठेवून दुसऱ्या हाताने ते लिंबू तासभर धरून बघा. घाटकोपर येईपर्यंत अंगठ्याचं मूळ ठणकायला लागतं. कव्हर तर मी पहिल्याच महिन्यात कपाटात टाकलं.

रात्रीची गोष्ट वेगळी. आमचं वन रूम किचन. हॉलमध्ये सासूबाई, मुलगा आणि आम्ही दोघं. दिवे साडेदहाला बंद म्हणजे बंद. या यंत्रांत उजेड मोबाइलसारखा पडद्यामागून येत नाही; कडेला बसवलेल्या एलईडींचा प्रकाश वरच्या पातळ थरातून पानावर पसरतो. साध्यात असे ४ एलईडी, पेपरव्हाइटमध्ये १७. पण आकड्यापेक्षा रंग महत्त्वाचा. साध्याचा उजेड पांढराच राहतो, पेपरव्हाइटचा हवा तेवढा पिवळा करता येतो. बहिणीचा घरी होता तेव्हा उजेड अगदी दोनवर ठेवूनही अंधारातून आवाज आला, "कुणाचा मोबाइल चालू आहे गं?" माझा परत आल्यावर उजेड तीनवर, पिवळेपणा सोळावर. दोन-तीन रात्री शांतता. मग एकदा सासूबाई झोपेतच म्हणाल्या, "देवाजवळचा दिवा अजून तेवतोय वाटतं." आणि कूस बदलून घोरायला लागल्या. चार हजार तिथेच वसूल झाले.

बॅटरी दहा आठवडे चालते असं सांगतात, पण तो हिशोब रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद आणि उजेड १३वर असा आहे. माझं वाचन रोज दोन तासांच्या वर. पंधरवड्यातून एकदा चार्जिंग लागतं. तक्रार नाही.

तिसरा उमेदवार होता कोबो क्लारा टू-ई, दुसऱ्या कंपनीचं असंच यंत्र, ऑफिसातल्या मैत्रिणीचं. ६ इंची, वॉटरप्रूफ आणि पिवळा उजेडही. झोपायची वेळ सांगून ठेवली की संध्याकाळपासून आपणच पिवळा होत जातो, ही सोय मला फार आवडली. केबल लावून ईपब (ई-पुस्तकाची फाइल) टाकली की झालं. पण तिने तो बाहेरून आणवला होता. बिघडला तर न्यायचा कुठे, या विचाराने मी मागे सरले.

मराठी वाचणाऱ्यांसाठी एक सांगते. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरपासून अधिकृतपणे मिळतात, तो प्रश्न नाही. प्रश्न जुन्या पीडीएफचा. युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला एक दिवाळी अंक मी हौसेने रूपांतरित केला, तर पडद्यावर नुसते कंस, टक्के आणि डॉलर. रूपांतर न करता तसाच उघडला तर अक्षर मुंगीएवढं. असल्या फायलींसाठी ६.८ इंचही अपुरे, उगाच त्या आशेवर मोठा घेऊ नका.

अदलाबदल संपवताना बहिणीला म्हटलं, "असं करू, सकाळी ट्रेनला तुझा मला, रात्री माझा मला."

"आणि मला काय?"