चौदा महिने स्वीडिश शिकताना: एसएफआय, वाचनालयातल्या गप्पा आणि आपली मराठी

नवऱ्याच्या नोकरीमुळे गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही नाशिकहून स्वीडनमधल्या गोथेनबर्गला आलो. इथली माणसं गावाला ‘योतेबोरी’ म्हणतात. आता चौदा महिने झाले आणि मागच्याच महिन्यात एसएफआयची, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीच्या स्वीडिश वर्गाची, शेवटची डी पातळी मी पास झाले. नव्याने येणाऱ्या मराठी बायका सारख्या विचारतात, सुरुवात कुठून करू? म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

‘इथे सगळ्यांना इंग्रजी येतं, कशाला त्रास घेतेस?’ हे मीही ऐकलं. दुकानात, बँकेत इंग्रजीवर निभतं, हे खरं आहे. पण जिन्यात लावलेली नोटीस, मुलाच्या बालवाडीतून आलेली चिठ्ठी, ऑफिसात जेवताना चाललेल्या गप्पा, हे सगळं स्वीडिशमध्ये असतं. आणि मला नोकरी करायची होती. जाहिरातींमध्ये पुन्हा पुन्हा तीच अट दिसायची, चांगली स्वीडिश हवी.

येण्याआधी तीन महिने मी मोबाईलवरच्या एका ॲपवर रोज अर्धा तास बसत होते. शब्द बरेच पाठ झाले, वाचताना त्याचा उपयोगही झाला. पण इथे ट्राममध्ये बसले आणि एक वाक्य पकडता येईना. सात म्हणजे ‘ह्यू’ आणि तळं म्हणजे ‘ह्यॉ’, यातला तो ‘ह्य’ सुद्धा खरा नाही, घशातून ओठांशी येणारी फुंकर आहे ती. असे आवाज कानाला बसायला माणूस समोर लागतो. ॲप ठेवा, पण शब्दांपुरतंच.

एसएफआय म्हणजे ‘स्वेन्स्का फ्योर इनवान्द्रारे’, स्थलांतरितांसाठीची स्वीडिश. इथे राहायला आलेल्यांना स्वीडिश फुकट शिकवायची पद्धत 1965 पासून आहे. ती जबाबदारी नगरपालिकेची असते, एक पैसा लागत नाही. आधी रहिवासी म्हणून नोंदणी करून ‘पर्शूननुम्मेर’, म्हणजे ओळख क्रमांक मिळवा. त्याशिवाय सहसा पुढे सरकत नाही, म्हणून आल्या आल्या पहिलं काम तेच करा. मग एक मुलाखत होते. किती शिकलात, कोणती लिपी येते, इंग्रजी येतं का, यावरून तुमचा मार्ग ठरतो. असे तीन मार्ग आहेत आणि ए, बी, सी, डी अशा चार पातळ्या. पदवी झालेल्यांना बहुतेक तिसऱ्या मार्गात घालतात आणि तिथे सुरुवातच सी पासून होते. ‘काहीच येत नसताना सी कसं?’ म्हणून मी घाबरले होते. घाबरू नका, सी चा वर्ग पहिल्या धड्यापासूनच सुरू होतो, फक्त वेग जास्त असतो.

वर्गाचा अनुभव शिक्षकावर फार अवलंबून आहे. मी आधी संध्याकाळचा वर्ग घेतला होता. एका सत्रात तीन शिक्षक बदलले आणि दर वेळी आम्ही पुन्हा ‘माझं नाव अमुक’ वर यायचो. दोन महिने तसेच गेले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मग दिवसाच्या वर्गात बदली मागितली आणि मिळाली. दिवसाचं शिक्षण आठवड्याला सरासरी 15 तास तरी असतं आणि फरक लगेच जाणवतो. जमणार असेल तर दिवसाचाच घ्या, आणि वर्ग पटला नाही तर गप्प बसू नका. शेवटच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चारही भाग असतात. माझं ऐकणं सगळ्यात कच्चं होतं. ते सुधारलं ते स्वीडिश टीव्हीचे कार्यक्रम स्वीडिश सबटायटल लावून बघितल्यामुळे. वाचायला ‘ओत्ता सीदोर’ घ्या. नावाचा अर्थ ‘आठ पानं’. सोप्या स्वीडिशमधलं हे बातमीपत्र 1984 पासून निघतंय.

स्टॉकहोमला असाल आणि पदवी असेल तर ‘सीफा’ची चौकशी करा, तो पदवीधरांसाठीचा जलद वर्ग आहे. ओळख क्रमांक येईपर्यंत थांबायचं नसेल तर ‘फोल्कउनिव्हर्सितेतेत’चे पैसे भरून करायचे वर्ग असतात. खर्च काही हजार क्रोनर येतो.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते सांगते. पहिले सहा महिने मी स्वीडिश इंग्रजीतून शिकत होते. वहीत डावीकडे स्वीडिश, उजवीकडे इंग्रजी. एक दिवस इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीत आमच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. माझी मावशी शनिवारी येणार आहे हे मला सांगायचं होतं. मी इंग्रजीतला ‘आंट’ शब्द वापरला. आजी थांबल्या आणि त्यांनी विचारलं, “मूस्तेर एलेर फास्तेर?” मावशी की आत्या? मी “मूस्तेर!” म्हटलं आणि मशीनपाशी उभी राहूनच मला भरून आलं. या भाषेत मावशी वेगळी आहे आणि आत्या वेगळी! मामा ‘मूरब्रूर’, काका ‘फारब्रूर’, आईची आई ‘मूरमूर’, वडिलांची आई ‘फारमूर’. सहा महिने मी हे सगळं एका ‘आंट’मध्ये कोंबत होते.

त्या रात्री उजवीकडचं इंग्रजी खोडून मराठी लिहायला लागले. नामांना ‘एन’ आणि ‘एत’ अशी दोन लिंगं आहेत. इंग्रजीतून बघितलं तर ती निव्वळ घोकंपट्टी वाटते. पण आपल्याकडे ते घर, ते मूल, ते झाड, ते पान, ते पाणी, ते नाव, आणि स्वीडिशमध्येही हे सहाही शब्द ‘एत’. सगळे जुळत नाहीत, पुस्तक ‘एन’ आहे. पण वस्तूला लिंग असतं ही गोष्टच मुळात आपल्याला शिकावी लागत नाही. ‘सिन’ आणि ‘हान्स’ यात वर्गातले निम्मे लोक अडकले होते. मराठीत ‘तो आपल्या बायकोला फोन करतो’ आणि ‘तो त्याच्या बायकोला फोन करतो’ हे वेगळं करता येतं ना, तसंच ते आहे. ‘सिन’ म्हणजे आपला, ‘हान्स’ म्हणजे त्याचा. मी शेजारच्या सीरियन मुलीला हे समजावताना मलाच पक्कं कळलं.

जिथे मराठी उपयोगी पडत नाही तिथे मात्र सवय मोडावी लागते. क्रियापद दुसऱ्या जागी हवंच. ‘आज मी बाजारात जाते’ नाही, ‘आज जाते मी बाजारात’. मी भाजी चिरताना मराठीतच अशी वाक्यं मोठ्यांदा म्हणायचे. शिक्षिकेला नुसत्या नावाने हाक मारणंही जड गेलं, वयाने आईएवढ्या होत्या. इथे अहो-जाहो मागे पडलंय, सगळ्यांना ‘दू’च, म्हणजे ‘तू’च म्हणतात.

बोलण्यासाठी ‘स्प्रोककफे’ला जा, म्हणजे वाचनालयातला गप्पांचा तास. फुकट असतो. रेड क्रॉस आणि चर्चही असे तास घेतात. मी दर आठवड्याला जात होते. निवृत्त शिक्षक, परिचारिका अशी माणसं नुसतं आपल्याशी बोलायला येतात. ती घाई करत नाहीत आणि आपण अडखळलो तरी इंग्रजीवर जात नाहीत. बाहेर लोक चांगुलपणानेच इंग्रजीवर जातात, तेव्हा एक वाक्य पाठ ठेवा: ‘कान वी ता दे पो स्वेन्स्का?’ आपण हे स्वीडिशमध्ये बोलूया का? आजवर मला एकानेही नाही म्हटलेलं नाही.

जानेवारीपासून मी ‘स्वेन्स्का सोम आन्द्रास्प्रोक’ सुरू करतेय, एसएफआयनंतरची पायरी. वहीतली नात्यांची आणि मराठीशी जुळणाऱ्या ‘एत’ शब्दांची पानं कुणाला हवी असतील तर सांगा, फोटो काढून पाठवते.