फितीवरचे चांदीचे फूल आणि गेलेले ४८,५०० रुपये

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या स्मृतिदालनासाठी मी दुसऱ्या महायुद्धातील एक मिलिटरी मेडल, म्हणजे ब्रिटिशांचे शौर्यपदक, ४८,५०० रुपयांना विकत घेतले. १५,००० मोबाईलवरून आगाऊ आणि ३३,५०० रोख. मराठा पलटणीतील एका शिपायाला हे पदक इटलीच्या आघाडीवर दोनदा मिळाले आणि फितीवर शिवलेले चांदीचे फूल ही दुसऱ्या वेळची खूण, असे विक्रेत्याने सांगितले. पुण्याचे गिऱ्हाईक निघाले आहे, ही नेहमीची घाईही होतीच.

खोटेपणाचा पुरावा ते फूलच होते आणि ते माझ्या हातात होते! ब्रिटिश पद्धतीत तेच पदक पुन्हा मिळाल्यास पदकाच्या फितीवर धातूची आडवी पट्टी, म्हणजे बार, चढवतात; फूल लावतात ते पदकाविना नुसती फीत छातीवर लावताना. खाली पदक लटकते आहे, वर फूल आहे आणि बार मात्र नाही, हे दिसताच मी उठायला हवे होते. पदकाची कड घासून नाव नव्याने कोरलेले होते, तेही त्याने ‘पॉलिश’ म्हणून खपवले.

मला अडाणी ठरवण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आमच्याकडे घरोघरी फौजी असले, तरी बार चढवलेले पदक क्वचितच कोणी पाहिलेले असते. माझ्या ओळखीच्या निवृत्त सुभेदारांनाही शंका आली नाही. शिवाय आपल्याकडची रीत वेगळी आहे: वीर चक्राचा बार मिळाल्यास नुसत्या फितीवर फूल नव्हे, तर चक्राची छोटी प्रतिकृती लावतात. कड मात्र भिंगाखाली पाहाच, आणि रोख रक्कम देऊ नका.

पोलीस ठाण्यात आधी अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणून परत पाठवले, आणल्यावर हा दिवाणी वाद ठरवला. सायबर शाखेने रोख रकमेतून अंग काढून घेतले. विक्रेता महाराष्ट्रातला म्हणून हद्द पलीकडची, आणि पलीकडच्या ठाण्यात पैसे कर्नाटकात दिले म्हणून हद्द अलीकडची! मग सीमाभागातल्या माणसाने दाद मागायची तरी कोणाकडे? ऑनलाईन पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवा. मिलिटरी मेडल आणि त्याचा बार यांची नोंद लंडन गॅझेट या ब्रिटिश राजपत्रात असते व ते इंटरनेटवर खुले आहे. पैसे देण्यापूर्वी नाव तेथे शोधा.

हाच विक्रेता सध्या निपाणी-चिकोडी भागात फिरत असून त्याच्याकडे असेच फूल शिवलेले आणखी एक पदक असल्याचे मला कळले आहे.