ठरलेला प्रोग्राम पाळायचा की रोजच्या अंदाजाने वजन ठरवायचं?

वहीत लिहिलंय: स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), ८० किलो, पाच रेप्सचे पाच सेट; एक उचल म्हणजे एक रेप, सलग केलेल्या रेप्स म्हणजे एक सेट. रात्री झोप जेमतेम चार तास झालेली. आता लिहिलेले ८० लावायचे, की आजच्यापुरतं ७० वर यायचं? पहिला रस्ता प्रोग्रामचा, दुसरा अंदाजाचा. कोणता धरावा हे तुम्ही किती काळ वजन उचलताय यावर बरंचसं अवलंबून आहे. नुकतीच सुरुवात केली असेल तर पहिला धरा, असं मी ठामपणे सांगेन.

नवख्याचं शरीर झपाट्याने शिकत असतं. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे वाढलेले नसतात. आहेत त्याच स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला मज्जासंस्था शिकते. या काळात आठवड्यातून तीनदा, दर वेळी २.५ किलो वाढवले तर चार आठवड्यांत ३० किलो वाढतात, आणि स्क्वॉटमध्ये बऱ्याच जणांना ते झेपतातही. ‘आज कसं वाटतंय’ असं विचारून वजन ठरवणारा नवखा इतकं वाढवायला धजावत नाही. जड बार खांद्यावर घेतल्यावर येणारं दडपण आणि खरा थकवा यांतला फरक त्याला अजून कळत नसतो. ‘आता एकही निघणार नाही’ म्हणणाऱ्याला बाजूला उभं राहून धीर दिला की आणखी दोन-तीन रेप्स निघतात. अंदाज ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती शिकेपर्यंत कुणीतरी आकडा ठरवून दिलेला बरा.

प्रोग्राम नावडते व्यायामही करून घेतो. अंदाजाने चालणाऱ्यांचे बेंच प्रेसचे (बाकावर झोपून बार वर ढकलण्याचे) दिवस सहसा चुकत नाहीत, स्क्वॉटचे मात्र हळूहळू विरळ होतात.

पण सगळ्यात मोठा फायदा चांगल्या दिवशी होतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. वाईट दिवशी वजन कमी करावं का, यावरच सगळी चर्चा. बार हलका लागतोय, अंगात जोर आहे, अशा दिवशी अंदाजवाला दोन सेट वाढवतो, १० किलो चढवतो. त्या दिवशी काही बिघडत नाही. पुढचे दोन वर्कआउट मात्र ढेपाळतात आणि त्यांचा दोष झोपेला दिला जातो. प्रोग्राम अशा दिवशी हात धरतो.

मग प्रोग्राम कुठे कमी पडतो? त्याचं टक्केवारीचं गणित तुम्ही एकदाच उचलू शकाल अशा कमाल वजनावर बेतलेलं असतं. तुमचं कमाल वजन १०० किलो असेल, तर ८० टक्के म्हणजे ८० किलो. पण झोप, आजारपण किंवा ताण यांमुळे ते त्या दिवशी ९० वर आलेलं असेल, तर तेच ८० किलो जवळपास ८९ टक्के होतात. पाच रेप्सचे पाच सेट त्या वजनाने निघत नाहीत. निघालेच तर फॉर्म, म्हणजे उचलण्याची पद्धत, बिघडवून. दुसरी अडचण काळाची. दर वेळी २.५ किलोची वाढ वर्षभर टिकली असती तर स्क्वॉट ३९० किलोंनी वाढला असता. काही महिन्यांत ती वाढ थांबते, आणि पुढे रोजच्या तयारीतला चढउतार वाढीपेक्षा मोठा ठरायला लागतो.

तिथून अंदाजाचं महत्त्व वाढतं. मात्र अंदाज म्हणजे मनाला येईल ते नव्हे. केनेथ नाइट यांनी १९७९ मध्ये दुखावलेल्या गुडघ्याच्या पुनर्वसनासाठी मांडलेली पद्धत मला याचा सर्वांत स्वच्छ नमुना वाटते. तिसऱ्या सेटमध्ये जमतील तितक्या रेप्स काढायच्या. पाच ते सात निघाल्या तर चौथ्या सेटला वजन तेच, कमी निघाल्या तर उतरवायचं, जास्त निघाल्या तर चढवायचं. चौथ्या सेटमध्ये निघालेल्या रेप्सचा आकडा पुढच्या खेपेचं वजन ठरवतो. इथे रोज बदल होतो, तरी मनाच्या लहरीला जागा नाही. आज जिममध्ये बोलली जाणारी आरपीई, म्हणजे सेट किती जड गेला याचा दहापैकी आकडा, त्याच अंगाने जाते: आठ म्हणजे आणखी दोन रेप्स शिल्लक, नऊ म्हणजे एक.

म्हणून वजन दारातून आत शिरताना ठरवू नका. वॉर्मअपचे ४० आणि ६० किलोचे सेट होऊ द्या. मरगळलेल्या दिवशीही ६० किलो नेहमीच्या वेगाने वर येतात, असं पुष्कळदा होतं. तेव्हा लिहिलेलंच वजन लावा. बार खरंच रेंगाळत असेल तर ५ ते १० टक्के उतरवा, सेट-रेप्स तेच ठेवा. सांध्यात टोचणारं दुखणं असेल तर मात्र दोन्ही पद्धती बाजूला ठेवून तो व्यायाम थांबवा.

रात्रपाळी करणारे, तान्हं बाळ घरी असलेले, सोबत दुसरा खेळ खेळणारे, यांनी अंदाज वापरायला वर्षभर थांबायची गरज नाही. व्यायाम आणि सेट प्रोग्रामने ठरवावेत, वजनाला थोडी मोकळीक असावी. वर्षा-दोन वर्षांच्या अनुभवानंतर बहुतेकांनी असंच करावं असं मला वाटतं.

आपला अंदाज भरवशाचा झालाय का, हे तपासता येतं. प्रत्येक सेटनंतर वहीत ‘शिल्लक किती’ हे लिहा. पंधरा दिवसांतून एकदा लेग प्रेस किंवा केबल रोसारख्या मशीनवर शेवटच्या सेटच्या मध्येच आणखी किती रेप्स निघतील तो आकडा मनात धरा आणि मग एकही निघेनाशी होईपर्यंत मोजत जा. सलग चार-पाच वेळा फरक एका रेपच्या आत राहिला, की बारवरचं वजन त्या दिवसावर सोडायला हरकत नाही. ही तपासणी स्क्वॉट किंवा बेंच प्रेसवर करायची झाली, तर रॅकचे सेफ्टी बार (बार निसटला तर अडवणारे आडवे दांडे) लावलेले असू द्या.