चरबीच्या गाठीसाठी 18,950 रुपयांची 'देणगी'

हातावरच्या चरबीच्या दोन गाठी मी ऑपरेशन करून काढल्या होत्या. वण नीट भरतो न भरतो तोच त्याच्या शेजारी पुन्हा गाठ हाताला लागली. परत चिरफाड नको वाटली, यात माझं काय चुकलं? ज्याच्या अंगावर येतं त्यालाच कळतं.

तालुक्याच्या लॉजवर शिबिर लागलं होतं, 'गाठ मुळासकट विरघळवा'. त्या वैद्याने माझा बायोप्सीचा रिपोर्ट उघडूनसुद्धा पाहिला नाही. तपासणी 200, तेल 1,450, भस्म 7,800 आणि पुढच्या खेपेला 'गाठ पिकायला लागली, आता औषध तोडू नका' म्हणून आणखी 9,500. सगळे सोयाबीनचे पैसे.

पावतीवर ठळक छापलं होतं, 'सेवा देणगी'. औषधाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, परवाना नाही. डबीवरचं लेबल खरवडलेलं, डिंक अजून बोटाला चिकटत होता. विचारलं तर म्हणाला, "काका, औषध विकलं की गुण जातो." तिथंच डबी त्याच्या टेबलावर आपटून उठायला पाहिजे होतं! पण मागे एवढी मोठी रांग, त्यात शिकलेली माणसं. संशय येणार कसा?

तेलाने कातडी भाजून निघाली, गाठ जशीच्या तशी. शेवटी संभाजीनगरला घाटी या सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी समजावलं की गाठीभोवतीचं आवरण थोडं जरी आत राहिलं तरी ती परत येऊ शकते. काहींना तर शेजारी नवीनच गाठी येतात. तेलाने, भस्माने चरबीची गाठ विरघळत नाही. गाठ झपाट्याने वाढली, टणक झाली, दुखू लागली किंवा 5 सेंटीमीटरच्या वर गेली तर थांबू नका, सोनोग्राफी करा. आणि काढलेली गाठ तपासणीला पाठवायला सांगाच.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब पावती वाचून म्हणाले, "देणगी कुणी परत मागतं का?" औषध खात्याच्या ऑफिसात सांगितलं, सीलबंद नमुना आणा. अरे, सील होतंच कुठं? तिथून परत पोलिसांकडे बोट. गाठी बऱ्या करण्याच्या अशा जाहिरातींविरुद्ध 1954 पासून कायदा आहे. मग तो वापरायचा कोणी? आमच्यासारख्यांनी भाड्याचे पैसे घालून नुसते हेलपाटेच मारायचे का?

बिल नाही तर पैसा नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. अशी 'देणगी'ची पावती आणखी कोणाकडे असेल तर फाडू नका, डबीही फेकू नका. मला एकट्याला हाकललं, दहाजण मिळून गेलो तर तक्रार लिहून घ्यावीच लागेल.