चौदा महिने वापरलेला मोबाईलवरचा कार स्कॅनर: घेताना काय बघावं, कशाला उपयोगी पडला

डिचोलीहून पर्वरीला रोजचं ऑफिस आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा चोर्ला घाटातून बेळगावला आत्याकडे, एवढं आमच्या गाडीचं फिरणं. गाडी २०१५ ची, पेट्रोल, चार सिलिंडरची हॅचबॅक. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचा आणि ब्लूटूथने मोबाईलला जोडायचा, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि दोषांचे कोड ॲपमध्ये दाखवणारा स्कॅनर मी गेल्या वर्षी मे महिन्यात घेतला. खरं तर दोन घेतले, कारण पहिला चुकला.

पहिला साडेचारशे रुपयांचा. खोक्यावर ‘ईएलएम३२७ व्हर्जन २.१’ असं छापलेलं. मला वाटलं, सगळे सारखेच असणार. नंतर कळलं की ईएलएम३२७ ही मुळात कॅनडातल्या एका छोट्या कंपनीची चिप. तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपीपासून संरक्षण नव्हतं, म्हणून तिच्या नकला जगभर पसरल्या. ती कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली, पण नाव बाजारात चालूच आहे. ‘व्हर्जन १.५’ लिहिलेले स्कॅनर आजही विकले जातात आणि त्या कंपनीने १.५ कधी काढलंच नव्हतं. बऱ्याच स्वस्त नकला २.१ असल्याचं सांगतात, पण त्या आवृत्तीच्या अनेक कमांडना उत्तर देत नाहीत.

व्हर्जनचा आकडा खोटा असला तरी काम होत असेल तर कुणाची हरकत नसते. माझं काम होत नव्हतं. केरीच्या पुढे चढ सुरू झाला आणि ॲपवर कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान ९१ वर थांबलं. चार वळणं गेली तरी ९१. मी समाधानाने गाडी चालवत होते. मग ॲपने ‘पुन्हा जोडत आहे’ असं दाखवलं आणि आकडा एकदम ९९ वर गेला. म्हणजे इतका वेळ मी जुनाच आकडा बघत होते. आकडा नसता तर मी निदान काट्याकडे पाहिलं असतं, थांबलेल्या आकड्याने मला गाफील ठेवलं. त्याच दिवशी ठरवलं, हा बदलायचा.

दुसरा सुमारे सव्वीसशे रुपयांना पडला. तो अजून एकदाही मध्येच तुटलेला नाही आणि आकडे भराभर बदलतात. घेताना मी तीन गोष्टी बघितल्या. पहिली, फोन कुठला. माझा अँड्रॉइड, पण यजमानांचा आयफोन. साधा जुना ब्लूटूथ स्कॅनर आयफोनला चालत नाही, त्यासाठी ब्लूटूथ लो एनर्जी असलेला घ्यावा लागतो. वायफायवाला घेतला तर दोन्हीकडे चालतो, पण फोन स्कॅनरच्या वायफायला जोडला की बऱ्याचदा मोबाईलचं इंटरनेट अडतं. नकाशा लावून घाटात जाणाऱ्याला ते परवडत नाही. दुसरी गोष्ट, तो स्वतःहून झोपतो का. सॉकेटच्या सोळाव्या पिनेला गाडी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. पहिला स्कॅनर लावून ठेवून आम्ही सहा दिवस बाहेरगावी गेलो होतो. परत आलो तर गाडीला स्टार्टर फिरवण्याइतकीही ताकद नव्हती, शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावून सुरू करावी लागली. तिसरी, आकार. सॉकेट माझ्या डाव्या गुडघ्याच्या वरच आहे आणि पहिला स्कॅनर इतका बाहेर यायचा की क्लच दाबताना लागायचा.

तुमची गाडी २०१३ च्या आधीची असेल तर मात्र आधी कुणाचा तरी उसना घेऊन लावून बघा. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ठरावीक कोडमध्ये नोंदवण्याची पद्धत, एप्रिल २०१३ पासून लागू झालं. त्याआधीच्या काही गाड्यांना सॉकेट तसंच दिसतं, पण ॲप जोडलं जाईलच असं नाही.

ॲपसाठी मी ‘टॉर्क’ आणि ‘कार स्कॅनर’ दोन्ही वापरली. रोजच्या आकड्यांसाठी दुसरं मला जास्त सोयीचं वाटतं.

आता जुलैतला प्रसंग. पाऊस धो धो, घाटात धुकं, आत्या मागे बसलेली. अर्धा घाट चढल्यावर गाडी गचके द्यायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. हा दिवा स्थिर पेटला तर गाडी सांभाळून गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर मोठा मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, चालू आहे, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेट घेतं आणि तो आतून वितळू शकतो. त्याच्या किमतीत बरंच काही येतं. मी जागा बघून गाडी कडेला घेतली, हॅझर्ड लावले आणि फोन उघडला.

कोड होता पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. त्याच्यासोबत ॲपमध्ये ‘फ्रीझ फ्रेम’ होती, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणाचे आकडे: २८५० आरपीएम, वेग ३४, इंजिनवरचा लोड ८४ टक्के, कूलंट ९३. इंजिन तापलेलं नव्हतं, जोर पडल्यावरच अडत होतं. बेळगावचा बेत सोडला. ॲक्सिलरेटरला जवळजवळ पाय न लावता घाट उतरलो आणि तशीच हळूहळू साखळीला आलो.

पहिल्या गॅरेजने दिवा पाहिला आणि चारही प्लग, त्यांना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या चारही कॉइल बदलू, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करू, चौदा हजारांच्या आसपास जाईल, असं सांगितलं. कोड पुसून देतो, पुन्हा येतो का बघू, असंही म्हणाले. मी पुसू दिला नाही. कोड पुसला की त्याच्यासोबत ती फ्रीझ फ्रेमही जाते, मग पुढच्या मेकॅनिकला दाखवायला हातात काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी डिचोलीतल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. त्यांना फोन दाखवला आणि विचारलं, “दोन नंबरची कॉइल काढून तीनवर लावून बघूया का?”

ते म्हणाले, “बघूया बाय, दहा मिनिटांचं काम.”

कॉइलची अदलाबदल केली, मग कोड पुसला आणि मयेच्या बाजूला चढावर एक फेरी मारून आलो. या वेळी कोड आला पी०३०३. दोष कॉइलबरोबर तीन नंबरवर गेला होता. प्लग किंवा इंजेक्टर खराब असता तर तो दोनवरच राहिला असता.

काढलेली कॉइल त्यांनी उजेडात धरली. खालच्या रबरी नळीवर केसाएवढी चीर, आणि चिरेतून वर गेलेली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. ठिणगी प्लगवर न पडता त्या रेघेवरून बाहेर निसटत होती. दमट हवेत आणि जोर पडल्यावर तर हमखास. एक कॉइल आणि मजुरी मिळून बावीसशे रुपये झाले. ती कॉइल मी जपून ठेवली आहे.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. स्कॅनरने मला ‘कॉइल बदला’ असं कुठेही सांगितलं नाही. त्याने फक्त सिलिंडर सांगितला. पी०३०२ प्लगमुळे येतो, इंजेक्टरमुळे येतो, सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) गेला तरी येतो. कोड वाचून थेट पार्ट मागवणारे लोक मी बघितले आहेत आणि त्यांचे पैसे वाया गेलेलेही बघितले आहेत. पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगणारा कोड) आला की कन्व्हर्टरच बदलायचा असंही नाही. आमचं काम झालं ते मेकॅनिकच्या हातामुळे.

स्कॅनरचा सगळ्यात मोठा फायदा मात्र माझ्या गाडीला झालाच नाही, भाच्याला झाला. तो मडगावला एक सेकंडहँड गाडी बघायला गेला तेव्हा मी सोबत होते. गाडी चकाचक, एकही दिवा पेटलेला नाही, कोड शून्य. मग मी ‘रेडिनेस मॉनिटर’ उघडले. गाडीचा कॉम्प्युटर कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंची स्वतः तपासणी करत असतो आणि ती पूर्ण झाली की नोंद ठेवतो. कोड पुसले की या नोंदीही पुसल्या जातात आणि गाडी पुरेशी चालेपर्यंत ‘अपूर्ण’ दिसतात. या गाडीत त्या अपूर्ण होत्या. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ या ओळीत होते ११ किलोमीटर.

बॅटरी काढली तरी असंच दिसतं, म्हणून मी विकणाऱ्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, बॅटरी जुनीच आहे, दोन महिन्यांत गाडीला हातही लावलेला नाही. मग आम्ही म्हटलं, दोन दिवस तुम्हीच चालवा, आम्ही परवा येऊन पुन्हा लावून बघतो. त्याने नकार दिला. भाच्याने गाडी सोडली. ओडोमीटर मागे फिरवलाय का, हे मात्र माझ्या स्कॅनरला सांगता येत नाही, त्यासाठी सर्व्हिसची जुनी बिलंच मागावीत.

उन्हाळ्यात पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मी कूलंटचा आकडा समोर ठेवते. एप्रिलमध्ये एकदा तो १०४ वर गेला तरी रेडिएटरचा पंखा फिरल्याचा आवाज आला नाही. एसी बंद केला, गाडी बाजूला घेतली. पंखा चालू करणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, गेला होता. माझ्या गाडीत निदान काटा आहे, हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत नुसता निळा-लाल दिवा असतो आणि लाल पेटेपर्यंत फार उशीर झालेला असतो. अशी गाडी असेल तर ॲपमध्ये १०२-१०३ ला अलार्म लावून ठेवा.

न आवडलेलंही सांगते. एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या गाडीत या स्कॅनरला वाचता येत नाहीत. एबीएसचा दिवा लागला तेव्हा शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावं लागलं. बॅटरीचा व्होल्टेजही तो मल्टीमीटरपेक्षा ०.२ कमी दाखवतो. ॲपमध्ये तेवढी दुरुस्ती करून घेतली आहे.

ती केल्यापासून सकाळी गाडी सुरू करताना व्होल्टेज किती खाली जातो, ते मी वहीत लिहून ठेवते. जानेवारीत १०.४ असायचा, जूनमध्ये ९.८, परवा ९.१ दिसला. गाडी अजून पहिल्या झटक्यात सुरू होते, पण चवथीला माणसं घेऊन गावी जायचंय, त्याआधी बॅटरी बदलून घेणार आहे.